वावरातला नत्र विहिरीत कसा जातो?

 

गटांच्या बैठकीत शेतीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "पऱ्हाटीला युरिया टाकला, दुसऱ्या दिवशी मोठा पाऊस झाला. पीक चार दिवस हिरवं दिसलं अन् पुन्हा पिवळं पडलं. मग आमचा युरिया गेला कुठे?" आज आपण त्या युरियाचा माग काढणार आहोत. तो माग वावरातून निघून विहिरीपर्यंत जातो, आणि विहिरीतून आपल्या माठात येतो. म्हणून हा विषय फक्त शेती करणाऱ्या बाईचा नाही. घरात लहान बाळ आहे, सून गरोदर आहे, त्या प्रत्येक घराचा आहे.

आधी युरिया म्हणजे काय ते बघू. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात ४६ टक्के नत्र असतो, म्हणजे जवळपास पावणेएकवीस किलो. पिकाला हवा असतो तो हा नत्र. पण युरिया जसाच्या तसा पिकाच्या फारसा कामी येत नाही. ओल्या मातीत पडला की दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया होतो. आपल्या काळ्या जमिनीत चुना जास्त असतो. अशा जमिनीवर युरिया उघडाच राहिला, तर त्यातला काही अमोनिया हवेत उडून जातो. गोठ्यात मुताचा जो नाकाला झोंबणारा वास येतो ना, तोच हा अमोनिया. मातीत जो राहतो त्याला अमोनियम म्हणतात. मग मातीतले डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात. पिकाची मुळं अमोनियमही घेतात आणि नायट्रेटही. पण खरीपाच्या गरम, ओलसर मातीत जिवाणूंचं काम झपाट्यानं चालतं, त्यामुळे थोड्याच दिवसांत बराचसा नत्र नायट्रेटच्या रूपात येतो.

आता अमोनियम आणि नायट्रेट यांतला फरक नीट लक्षात घ्या. आजची अर्धी गोष्ट त्यात आहे. घरातली गाळणी घ्या. तिच्यात मूठभर तांदूळ आणि चमचाभर मीठ ठेवा आणि वरून तांब्याभर पाणी ओता. तांदूळ गाळणीत राहतील, मीठ पाण्याबरोबर खाली निघून जाईल. अमोनियम तांदळासारखं आहे. काळ्या मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि अमोनियमवर धन, त्यामुळे माती त्याला लोहचुंबकासारखी धरून ठेवते. नायट्रेटवर मात्र मातीसारखाच ऋण भार असतो. माती त्याला धरत नाही. ते मिठासारखं पाण्यात विरघळतं, आणि पाणी जिकडे जाईल तिकडे जातं. पाणी खाली मुरलं की नायट्रेटही खाली. पिकाच्या मुळांच्या खाली एकदा ते उतरलं, की पीक त्याला पुन्हा वर ओढू शकत नाही. मुरूम आणि काळ्या खडकाच्या भेगांतून ते विहिरीच्या झऱ्यापर्यंत पोचतं. यालाच नत्राचा निचरा म्हणतात.

मोठा पाऊस येऊन वावरात पाणी तुंबलं तर आणखी एक होतं. मातीतली हवा संपते, आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. म्हणजे आपला नत्र तीन वाटांनी जातो: उघड्यावर राहिला तर अमोनिया होऊन वर, पाणी तुंबलं तर वायू होऊन वर, आणि पाणी मुरलं तर नायट्रेट होऊन खाली.

तुम्ही म्हणाल, मग खत टाकलंच नाही तर पाणी चांगलं राहील ना? इतकं सोपं नाही. यासाठी अमेरिकेतल्या एका जंगलाची गोष्ट सांगतो. न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक नावाचं जंगल आहे. तिथे बीच, मेपल आणि बर्च ही झाडं आहेत. बीच म्हणजे समुद्रकिनारा नव्हे बरं का, थंड देशातलं ते एक मोठं झाड आहे, आपल्याकडे साग तसं तिकडे बीच. त्या जंगलात डोंगरउतारावरून लहान लहान नाले वाहतात. जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी १९६३ पासून या नाल्यांचं पाणी नियमित तपासायला घेतलं. जंगल उभं असताना नाल्याच्या पाण्यात नायट्रेट अगदी थोडं असायचं.

मग १९६५ च्या हिवाळ्यात त्यांनी एका नाल्याच्या पाणलोटातली सगळी झाडं तोडली. तोडलेली झाडं तिथेच पडू दिली, एक फांदीही बाहेर नेली नाही. पुढचे तीन उन्हाळे तणनाशक फवारून तिथे काही उगवू दिलं नाही. खताचा एक दाणाही टाकला नाही. तरी त्या नाल्याच्या पाण्यातलं नायट्रेट पहिल्या वर्षी सुमारे ४१ पट आणि दुसऱ्या वर्षी ५६ पट झालं. पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा ते जवळपास सतत ओलांडत होतं. शेजारच्या नाल्यावर जंगल उभं होतं, तिथलं पाणी होतं तसंच राहिलं. उघड्या केलेल्या जमिनीतून कॅल्शियम आणि पालाशही नायट्रेटबरोबर वाहून गेलं. म्हणजे जमिनीचा कस गेला आणि पाणीही नासलं.

असं का झालं? जंगलात पाला पडतो, कुजतो, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि तिथेच वाट बघत असलेली मुळं ते लगेच उचलून घेतात. झाड पुन्हा पानं काढतं, पानं पुन्हा पडतात. हे चक्र चालू असतं. आपल्या सागाच्या रानातही असंच चालतं. कोणी पोतं घेऊन जात नाही, तरी दर पावसाळ्यात रान हिरवंगार होतं. त्या अमेरिकेतल्या पाणलोटात कुजणं चालूच राहिलं, पण उचलून घेणारी मुळं उरली नाहीत. नत्र तयार होत गेला आणि पाण्यासोबत निघून गेला.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: नत्राला जिवंत मूळ धरून ठेवतं. ज्या दिवशी पाणी मुरतं, त्या दिवशी वावरात मूळ नसेल, तर नत्र शेणखताचा असो की युरियाचा, तो खाली जाणार.

आता आपल्या वावराकडे या. तूर आणि हरभरा निघाला की कोरडवाहू रान मृगापर्यंत उघडं पडतं. उन्हानं काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस आला की मातीचा तो गोड वास सुटतो. तो वास मातीतले जिवाणू देतात. ते जागे होतात, उन्हाळ्यात वाळलेला पालापाचोळा आणि मुळं कुजवायला लागतात, आणि एकदम पुष्कळ नायट्रेट तयार होतं. त्याच वेळी जोराचं पाणी भेगांमधून सरळ खोल उतरतं. पेरणी झालेली नसते, किंवा रोप दोन पानांवर असतं आणि त्याचं मूळ बोटभर असतं. म्हणजे नत्र सर्वांत जास्त तयार असतो तेव्हा घेणारं मूळ सर्वांत लहान असतं. अशा वेळी आपण वरून युरियाचं पोतं टाकलं, तर ते कोणासाठी टाकलं?

जरा हिशोब करू. धरून चला की एका पोत्यातला पाच किलो नत्र खाली उतरला. पाच किलो नत्राचं सुमारे २२ किलो नायट्रेट होतं. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला जास्तीत जास्त ४५ मिलिग्रॅम नायट्रेट चालतं, ही आपल्या देशाच्या मानकाची मर्यादा आहे. म्हणजे हजार लिटरला ४५ ग्रॅम. या हिशोबानं २२ किलो नायट्रेट जवळपास पाच लाख लिटर शुद्ध पाण्याला मर्यादेच्या काठावर आणून ठेवतं. उन्हाळ्यात गावात दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे पन्नास टँकर समजा. हे एका पोत्याच्या चौथ्या हिश्श्याचं काम.

आणि ही भीती कागदावरची नाही. केंद्रीय भूजल मंडळाने देशभरातल्या विहिरी आणि बोअरचं पाणी तपासून २०२४ चा अहवाल दिला. देशात साधारण दर पाच नमुन्यांत एका नमुन्यात नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. महाराष्ट्रात दर तीन नमुन्यांमागे एकाहून थोडे जास्त नमुने असे निघाले. देशातल्या सर्वांत चिंतेच्या १५ जिल्ह्यांत महाराष्ट्राचे सात जिल्हे होते: वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. त्यांतले अमरावती, यवतमाळ आणि बुलडाणा हे तिन्ही आपल्या वाशीम जिल्ह्याच्या शिवेला लागून आहेत. जमीन तीच, खडक तोच, पिकंही तीच. आपल्या विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय ते बरं आहे असं धरून चालणं शहाणपणाचं नाही.

नायट्रेटनं होतं काय? मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही. धोका सर्वांत जास्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं, आणि ते रक्तातल्या लाल द्रव्याला, हिमोग्लोबिनला, बिघडवतं. मग रक्त शरीराला प्राणवायू पोचवू शकत नाही. बाळाचे ओठ, नखं, अंग निळसर पडतं. बाळ मलूल होतं, त्याला धाप लागते. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी दाखवून दिलं, की शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात दूध बनवून पाजलेली बाळं अशी निळी पडत होती. यावर दवाखान्यात उपचार आहे. म्हणून बाळ निळसर दिसलं तर अंगारा-धुपारा करत वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा.

त्यातून बाळाला वाचवण्याचा सोपा उपाय आपल्याजवळच आहे: सहा महिने फक्त आईचं दूध. आईच्या पिण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही. पण वरचं दूध, पावडरचं दूध किंवा उगाळलेली घुटी विहिरीच्या पाण्यात दिली, तर नायट्रेट सरळ बाळाच्या पोटात जातं. आशाताई "पाणीसुद्धा देऊ नका" म्हणतात, त्याचं हेही एक कारण समजा.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. काचेसारखं नितळ पाणीही नायट्रेटचं असू शकतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे ते जास्त दाट होतं. ब्लीचिंग पावडरनं ते जात नाही, तुरटीनं नाही, फडक्यानं गाळूनही नाही. पाणी उकळणं आणि ब्लीचिंग जंतूंसाठी आवश्यक आहे, ते सोडू नका. पण नायट्रेटवर ते औषध नाही. आरओ यंत्रानं नायट्रेट बरंचसं कमी होतं. ते नसेल तर बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी तपासलेल्या चांगल्या स्रोताचं पाणी वेगळं आणावं.

म्हणून पहिलं काम पाणी तपासण्याचं. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण देण्याची तरतूद आहे. तपासणीच्या पेटीत नायट्रेटची चाचणीही असते. पाण्याला रंग येतो, तो रंग तक्त्याशी जुळवून बघायचा, इतकं ते सोपं आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण आहेत, पेटी कुठे आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. वर्षातून दोनदा तपासा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा पावसाळ्यानंतर. पेटीत रंग गडद आला तर तेवढ्यावर थांबू नका, नमुना बाटलीत भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायला लावा.

दुसरं काम विहिरीच्या आसपासचं. सगळा दोष युरियाच्या माथी मारू नका. विहिरीजवळचा उकिरडा, गोठ्याचं मूत, शोषखड्डा, संडासाचा खड्डा या सगळ्यांतून नायट्रेटच तयार होतं. गाववस्तीतल्या विहिरीला हा धोका शेतातल्या विहिरीपेक्षा जास्त असू शकतो. उकिरडा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हलवा. पावसाळ्यात त्यावर कुटार, पऱ्हाटीचा काडीकचरा किंवा ताडपत्री टाका. खताचं पाणी वाहून गेलं तर खतातला कसच वाहून जातो. उन्हाळ्यात शेणखत वावरात नेलं की त्याचे ढीग महिनाभर उन्हात ठेवू नका. पसरा आणि वखरून मातीत मिसळा.

तिसरं काम वावरातलं. त्यातल्या काही गोष्टींना खर्च नाही, फक्त वेळ साधायची आहे.

युरिया एकदम टाकू नका, दोन-तीन हप्त्यांत द्या. पऱ्हाटीला मूळ वाढल्यावर द्या. गव्हाला अर्धा पेरणीच्या वेळी आणि अर्धा २१ दिवसांच्या आसपास, पहिल्या मोठ्या पाण्याच्या वेळी. जोराचा पाऊस यायच्या बेतात असेल तर दोन दिवस थांबा. युरिया फेकू नका, ओळीत देऊन डवऱ्यानं मातीआड करा.

सोयाबीनला वरून युरिया देण्याची घाई करू नका. सोयाबीन स्वतःच्या गरजेचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त नत्र हवेतून घेतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियमचे जिवाणू राहतात, ते हे काम करतात. युरिया जास्त दिला तर या गाठी कमी धरतात. पेरताना दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावा, रायझोबियम शेवटी, आणि बी सावलीत सुकवा. फुलं यायच्या सुमारास एक झाड हळूच उपटा आणि मुळावरची गाठ नखानं चिरून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर गाठ काम करते आहे. हा लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्याच द्रव्याचा असतो. पावसात सोयाबीन पिवळं पडलं तर आधी वावरातलं तुंबलेलं पाणी चरीनं काढा, वापसा आल्यावर डवरा आणि आठवडाभर वाट बघा. अनेकदा पीक नत्रासाठी नव्हे, मुळांना हवा मिळत नाही म्हणून पिवळं पडतं.

रानात मूळ ठेवा. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असल्या तर तुरीचं मूळ खोल जातं. सोयाबीन निघाल्यावरही ती उभी असते, आणि वरच्या थरातून निसटलेला नत्र खालून उचलते. धुऱ्यावरचं गवत जाळू नका, नाल्याकाठची झाडंझुडपं तोडू नका. वावरातून निघालेलं पाणी त्या मुळांमधून गेलं तर त्यातला बराच नत्र तिथेच अडतो. ओलिताची सोय असेल तर उन्हाळ्यात ताग किंवा चवळीसारखं हिरवळीचं पीक घ्या, जमीन झाकलेली राहील.

आणि एक आपल्या हातातलं काम: निंबोळी. कडुलिंबातली द्रव्यं अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मंद करतात. नत्र मातीत जास्त दिवस धरला जातो. म्हणूनच २०१५ मध्ये सरकारने देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला. जूनमध्ये आपल्या दारात निंबोळ्यांचा सडा पडतो. गटानं त्या वेचून, वाळवून, भरडून ठेवल्या तर निंबोळी पेंड आणि निंबोळी अर्क दोन्ही घरचं होईल.

युरियाचं पोतं आपल्याला अडीचशे-पावणेतीनशे रुपयांना मिळतं, कारण त्याच्या खऱ्या किमतीचा मोठा भाग सरकार भरतं. स्वस्त आहे म्हणून आणखी एक टाकून दिलं जातं. पण जे पोतं विहिरीत गेलं त्याची किंमत दुकानाच्या पावतीवर नसते. ती आपण पाण्यासाठी लांब चालून भरतो, दवाखान्यात भरतो.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. गावात किती विहिरी आणि हातपंप पिण्यासाठी वापरले जातात? त्यांच्यापासून उकिरडा, गोठा आणि संडासाचा खड्डा किती पावलांवर आहे? आणि प्रत्येक पाण्याची नायट्रेटची तपासणी शेवटची कधी झाली? ज्या विहिरीपुढे तारीख नसेल, तिथून सुरुवात करा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असलेलं घर ज्या विहिरीचं पाणी पितं, ती सगळ्यात आधी.